सेंटर सर्कलमध्ये झोपलेला माणूस

(हा एपिसोडचा मजकूर आहे. 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युली' हे दोन शब्द निम्म्याने कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, अंथरुणात असाल तर कमी करा. आज फुटबॉल आहे. पण फुटबॉल न आवडणाऱ्यांनी लगेच पळू नका, कारण अर्धा एपिसोड इंटरनेटबद्दल आहे.

झालं असं, मागच्या महिन्यात एका गुरुवारी आमचं रिलीज होतं. नवीन व्हर्जन सर्व्हरवर चढत असतं तेव्हा आपल्याला काम काहीच नसतं, पण झोपायची परवानगीही नसते. रात्रीचा एक वाजलेला. अशा वेळी माणूस काय करतो? रील्स बघतो. तर एक रील आली. मोठं स्टेडियम, मॅच संपलेली, आणि मैदानाच्या मधोमध, सेंटर सर्कलमध्ये, एक माणूस पाठीवर पडलेला. बाकीचे निघून चाललेत. मागे तो ठरलेला रडवा पियानो. वर लिहिलेलं, हरल्यावर देशासाठी रडणारा हिरो, अशा अर्थाचं काहीतरी. आणि खाली कमेंट्सचा पूर. लेजेंड, रिस्पेक्ट, हात जोडलेले इमोजी.

माझा रूममेट पाणी प्यायला उठला होता. त्याने खांद्यावरून डोकावून बघितलं आणि म्हणाला, "अरे, हा नाकाता. फिफामध्ये आयकॉन कार्ड आहे ह्याचं. माझ्या टीममध्ये होता. पास भारी देतो." आणि गेला झोपायला.

पास भारी देतो! म्हणजे बघा, रूममेटचा जन्म २००० चा. त्याला समज यायच्या आत हा माणूस खेळायचा थांबला होता. तरी तो त्याला ओळखतो, त्याच्या पासचा त्याला अनुभव आहे. मला हे फार विचित्र वाटलं. मग रिलीज राहिलं बाजूला, मी त्या माणसाच्या मागे लागलो, आणि महिनाभर लागलोच आहे.

तर हिदेतोशी नाकाता. जन्म २२ जानेवारी १९७७, जपानच्या यामानाशी भागातल्या कोफू शहरात. पुण्यातल्या लोकांना जपानी फुटबॉलर म्हटलं की अराता इझुमी आठवेल, पुणे एफसीकडून खेळायचा, पुढे जपानी नागरिकत्व सोडून भारताकडून खेळला. तो वेगळा, त्याच्यावर कधीतरी वेगळा एपिसोड करू. तुमच्यातले जे ब्लू लॉक बघून जपानी फुटबॉलकडे वळलेत त्यांना एक गंमत सांगतो. नाकाताच्या पिढीचं ब्लू लॉक म्हणजे कॅप्टन त्सुबासा. ती मांगा वाचून तो बेसबॉलऐवजी फुटबॉलकडे वळला. कार्टूनमुळे करिअर निवडलं म्हणून आपल्याकडे घरी काय झालं असतं ते तुम्हीच ठरवा.

जपान तोवर एकदाही वर्ल्ड कपला गेलेला नव्हता. १६ नोव्हेंबर १९९७ ला मलेशियातल्या जोहोर बाहरूमध्ये इराणशी शेवटची लढत झाली, जो जिंकेल तो फ्रान्सला जाणार. जपान ३-२ जिंकलं, ज्यादा वेळेतल्या गोल्डन गोलवर. तिन्ही गोलांमागे नाकाता होता. वय वीस. आपण विसाव्या वर्षी बॅकलॉग क्लिअर करत होतो.

फ्रान्समध्ये १९९८ ला जपान तिन्ही मॅच हरलं, त्यावर फार बोलण्यासारखं नाही. पण तिथून तो इटलीत पेरुजा नावाच्या छोट्या क्लबकडे गेला. तेव्हाची इटालियन लीग म्हणजे आजची प्रीमियर लीग समजा, जगातले सगळे मोठे खेळाडू तिथे. लोक म्हणत होते की हा जर्सी विकायला आणलेला मुलगा आहे. पहिलीच मॅच युव्हेंटसविरुद्ध, १३ सप्टेंबर १९९८. पेरुजा ४-३ ने हरलं, पण त्यातले दोन गोल नाकाताचे. मग जर्सी विकल्या गेल्याच, त्या भागात जपानी पर्यटकांच्या बसेसही यायला लागल्या, आणि त्यांच्यासोबत जपानी पत्रकार. ढिगाने. एका माणसाच्या मागे.

आता इथे गोष्टीचा माझ्या आवडीचा भाग सुरू होतो.

नाकाताचं आणि जपानी पत्रकारांचं जमत नव्हतं. त्याची उत्तरं तुटक असायची, प्रश्न बाळबोध वाटला तर तो सरळ गप्प बसायचा. १९९८ च्या सुरुवातीला एका मोठ्या दैनिकात राष्ट्रगीताबद्दलचं त्याचं एक वाक्य छापून आलं, फारसं आदराचं नसलेलं. त्यावरून उजव्या गटांनी त्याला धमक्या दिल्या. आपण बोललो त्याचं असं होणं अपेक्षित नव्हतं, असं त्याचं म्हणणं. पण एकदा छापलं की छापलं. आजच्या भाषेत सांगायचं तर क्लिप कापून व्हायरल केली. फक्त तेव्हा कात्री संपादकाच्या हातात असायची, आता आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे.

मग त्याने काय केलं? स्वतःची वेबसाइट काढली. नाकाता डॉट नेट. वर्ष तेच, १९९८. जरा कल्पना करा. भारतात तेव्हा नेट म्हणजे डायलअपचा तो कुईं कुईं आवाज, आणि मध्येच कुणी फोन उचलला की कनेक्शन तुटणार. जपान आपल्यापुढे होतं, पण तिथेही मोबाइलवर इंटरनेट देणारी आय-मोड सेवा आली ती फेब्रुवारी १९९९ मध्ये, म्हणजे ह्या वेबसाइटच्या नंतर. त्या काळात एक फुटबॉलर ठरवतो की मी पत्रकारांना सांगणार नाही, थेट लोकांना लिहीन. आणि तो लिहायचा. मॅचबद्दल, कुठे गेलो, काय वाटलं, चाहत्यांना पत्र लिहावं तसं.

इंजिनिअर म्हणून मला ह्यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? त्या पानावर लाइकचं बटण नव्हतं. त्याला तेव्हा पर्याय नव्हता हे मान्य, बटणाचा शोधच लागला नव्हता. पण परिणाम बघा ना. माणूस लिहितो, लोक येऊन वाचतात. मध्ये कुणी ठरवत नाही की आज हे दाखव आणि ते दाखवू नको. माझं रोजचं काम नेमकं ते मधलं 'ठरवणारं' यंत्र सांभाळायचं आहे. एका ॲपमध्ये कोणतं कार्ड कुणाला आधी दिसावं, ते. त्यामुळे मला जरा चोर पकडल्यासारखं झालं.

लोकप्रियता इतकी की २००२ चा वर्ल्ड कप जपान-कोरियात झाला तेव्हा टोकियोत ह्या वेबसाइटच्या नावाने कॅफे उघडला गेला. वेबसाइटच्या नावाचा कॅफे! आपल्याकडे सायबर कॅफे होते, पण हे म्हणजे उलटंच.

बरं, आता मैदानावर परत. कारण एक मॅच सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही, कितीही वेळ लागला तरी.

६ मे २००१. तुरिन शहर. युव्हेंटस विरुद्ध रोमा. नाकाता तेव्हा रोमात होता. पण रोमात त्याच्या जागेवर कोण खेळायचं? टोट्टी. रोम शहराचा लाडका, कॅप्टन, देवच. म्हणजे नाकाताची ड्युटी बेंचवर. त्यात इटलीत नियम होता की युरोपियन युनियनबाहेरचे ठरावीकच खेळाडू मॅचला घेता येतात. रोमाकडे असे बरेच असल्यामुळे नाकाताला कित्येकदा बेंचवरही जागा नसायची, तो थेट स्टँडमध्ये. आणि ह्या मॅचच्या अवघ्या काही दिवस आधी तो नियम बदलला. सीझन संपायला आलेला, रोमा पहिल्या नंबरवर, युव्हेंटस मागोमाग. सहाव्या मिनिटापर्यंत युव्हेंटस २-० ने पुढे, देल पिएरो आणि झिदान. तासभर खेळ झाल्यावर कोच कापेल्लोने टोट्टीला बाहेर काढलं आणि नाकाताला आत पाठवलं. धोनीला ऐन चेसमध्ये बोलावून घेतलं आणि दुसऱ्या कुणाला पाठवलं तर चेन्नईत काय होईल, तसं समजा.

७९ व्या मिनिटाला नाकाताने लांबून असा शॉट मारला की बॉल थेट वरच्या कोपऱ्यात. २-१. मग भरपाईच्या वेळेत त्याने पुन्हा लांबून मारला, गोलकीपर व्हॅन देर सारच्या हातात बॉल थांबला नाही, आणि मोंतेल्लाने तो आत ढकलला. २-२. सीझन संपला तेव्हा रोमाचे ७५ पॉइंट, युव्हेंटसचे ७३. दोनच पॉइंटचा फरक. त्यानंतर रोमाने आजपर्यंत लीग जिंकलेली नाही. त्यामुळे रोमाच्या चाहत्यांसाठी ती अर्ध्या तासाची क्लिप म्हणजे घरातल्या लग्नाची सीडी आहे. दरवर्षी मे महिना आला की कुणीतरी ती लावतोच.

गंमत म्हणजे ऑनलाइन नाकाता भेटतो तो अशाच तुकड्यांत. हा गोल एक. दुसरं म्हणजे २००२ ची नायकीची जाहिरात. जहाजाच्या पोटात पिंजरा, त्यात तीन-तीन जणांच्या टीम, एरिक कांतोना रेफरी, एल्विसच्या जुन्या गाण्याचा रिमिक्स. त्यातली हेन्री, टोट्टी आणि नाकाता ही टीम जिंकते. ज्या टोट्टीमुळे हा बेंचवर बसायचा, त्याच टोट्टीबरोबर. तिसरं म्हणजे गेममधलं कार्ड. आणि चौथी ती झोपलेली क्लिप.

त्या क्लिपचं खरं काय आहे ते आता सांगतो.

तारीख २२ जून २००६, जर्मनीतलं डॉर्टमुंड. वर्ल्ड कप. जपान आधी ऑस्ट्रेलियाकडून ३-१ ने हरलेलं, तेही शेवटच्या काही मिनिटांत तीन गोल खाऊन. मग क्रोएशियाशी ०-०. आता समोर ब्राझील. जपानने पहिला गोलही केला. पण मग ब्राझीलने चार मारले, त्यातले दोन रोनाल्डोचे. आपला सात नंबरवाला नाही, ब्राझीलचा. त्या दोन गोलांमुळे त्याने वर्ल्ड कपमधल्या १४ गोलांच्या विक्रमाची बरोबरी केली, त्यामुळे त्या रात्रीची हेडलाइन त्याची होती. शिट्टी वाजली आणि नाकाता सेंटर सर्कलमध्ये जाऊन आडवा झाला. बराच वेळ उठला नाही. कॅप्टन मियामोतो त्याच्याजवळ जाऊन आला. हा मियामोतो आज जपानच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष आहे. तेव्हा मात्र टीममध्ये नाकाता एकटा पडला होता, हे जपानमध्ये उघड गुपित होतं. त्याला वाटायचं की बाकीचे पुरेसे पेटून खेळत नाहीत, आणि बाकीच्यांना वाटायचं की हा जरा जास्तच बोलतो.

तर हा हरला म्हणून पडलेला नव्हता. निदान फक्त हरला म्हणून नाही. अकरा दिवसांनी, ३ जुलै २००६ ला, त्याने आपल्या वेबसाइटवर एक लांबलचक पत्र टाकलं. आयुष्य म्हणजेच प्रवास, अशा अर्थाचं शीर्षक. त्यात लिहिलं होतं की सहा महिन्यांपूर्वीच मी ठरवलं होतं, हा वर्ल्ड कप झाला की प्रोफेशनल फुटबॉल बंद. म्हणजे डॉर्टमुंडच्या त्या गवतावर तो पडला होता तेव्हा ही आपली शेवटची मॅच आहे हे त्याला माहीत होतं, आणि स्टेडियममधल्या जवळजवळ कुणालाच नव्हतं. लोकांना दिसत होता एक हरलेला खेळाडू.

वय किती? एकोणतीस. इंजुरी नाही, क्लबने काढलं वगैरे नाही. जपानसाठी ७७ मॅच. निरोपाची मॅच नाही, हार नाही, ढोलताशे नाहीत. प्रेस कॉन्फरन्ससुद्धा नाही, फक्त एक वेब पेज. आणि एक योगायोग बघा, ट्विटर सगळ्या लोकांसाठी सुरू झालं १५ जुलै २००६ ला. म्हणजे बरोबर बारा दिवसांनी. इन्स्टाग्राम यायला अजून चार वर्षं होती. ज्या माणसाने खेळाडूंना थेट लोकांशी बोलायची वाट दाखवली, तो ह्या वाटेचा हायवे व्हायच्या बारा दिवस आधी उतरून गेला.

त्याने कारण काय सांगितलं? नंतरच्या मुलाखतींमध्ये तो सांगत आला की फुटबॉल दिवसेंदिवस नुसता धंदा होत चालला होता, मजेसाठी खेळणारे कमी आणि पैशासाठी खेळणारे जास्त दिसायला लागले होते. खेळ अजूनही आवडतो, म्हणूनच थांबलो, असा काहीसा सूर.

आता मला पटलेलं आणि न पटलेलं दोन्ही सांगतो. पैसा नको म्हणून सोडलं हे ऐकायला छान वाटतं. पण पार्मा क्लबने त्याला २००१ मध्ये घेतलं तेव्हा त्या व्यवहाराचा आकडा एखाद्या जपानी खेळाडूसाठी तोवर ऐकिवात नव्हता असा होता. त्यावर जाहिराती. एवढं गाठीशी असलं की धंद्याचा कंटाळा यायला सोपं जातं. आमच्या ऑफिसात धंद्याचा कंटाळा सगळ्यांनाच आलाय, पण होम लोनचा हप्ता पाच तारखेला जातो. त्यामुळे "नाकाताने सोडलं, तूही सोड" असल्या मोटिव्हेशनल रील्स मला अजिबात झेपत नाहीत.

पटलेलं हे की त्याने कारण स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलं. लांब, संथ, कुठे कुठे भावुक. आठ वर्षांचा असताना गावातल्या शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात हा प्रवास सुरू झाला, तिथपासून. तुकडा कापून कुणी भलतंच बोलेल ही धास्ती ज्याला पहिल्यापासून होती, त्याने शेवटचं पान तरी अख्खं स्वतःच्या हाताने लिहिलं.

आणि झालं काय? पत्र मागे पडलं, पंधरा सेकंदांची क्लिप उरली. रडव्या पियानोसकट. त्यातलं वाक्य चुकीचं, कारण चुकीचं, फक्त माणूस बरोबर. त्या रीलला मी लाइक केलं होतं, हेही सांगून टाकतो. नंतर जाऊन काढलं. मग वाटलं, काढून काय उपयोग, यंत्राला तर कळलंच की मी पूर्ण बघितली, आणि दोनदा बघितली. आमचंच ॲप असतं तर मीसुद्धा तेच मोजलं असतं.

मग पुढे तो काय करत होता? पहिली काही वर्षं जगभर फिरला. मग लक्षात आलं की बाहेर लोक जपानबद्दल विचारतात आणि आपल्याला सांगता येत नाही. म्हणून २००९ पासून त्याने जपानचे ४७ च्या ४७ प्रांत पालथे घातले. भाताची शेती करणारे, मातीची भांडी करणारे, आणि साके गाळणारे. साके म्हणजे तांदळापासून केलेलं त्यांचं मद्य. २०१५ मध्ये साकेचीच कंपनी काढली. परदेशी माणूस साकेच्या बाटलीसमोर उभा राहतो तेव्हा त्याला लेबलच वाचता येत नाही, सगळं जपानीत, ही अडचण त्याने पकडली आणि लेबल स्कॅन करून माहिती देणारं ॲप आणलं. तुम्हाला पॅटर्न दिसतोय का? इथेही मधला अडसर काढायचाच उद्योग. गाळणारा आणि पिणारा ह्यांच्यामध्ये जे काही येतं ते बाजूला करायचं.

मागच्या आठवड्यात मी रूममेटला बसवून तुरिनची ती मॅच दाखवली. रील नाही, नाकाता आत आला तिथपासून शेवटपर्यंत, सलग. पहिली दहा मिनिटं त्याचा हात तीनदा फोनकडे गेला. बॉल मिळत नाही, पास चुकतो, काहीच होत नाही. "हा एवढा स्लो होता?" म्हणाला. मी काही बोललो नाही. मग ७९ वं मिनिट आलं आणि तो अक्षरशः उभा राहिला. नंतर बराच वेळ गप्प होता. मग विचारलं, "अरे, पण मग ह्याने सोडलं कशाला?"

मी त्याला ते पत्र भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून वाचून दाखवलं. भाषांतर भयानक आहे, काही वाक्यं तर फ्रीजच्या मॅन्युअलसारखी येतात. तरी आम्ही दोघांनी ते पूर्ण वाचलं. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "तू किती तारखेला एकोणतीस होतोयस?"

मी अठ्ठावीसचा आहे. एक मेल माझ्या ड्राफ्ट फोल्डरमध्ये दोन महिने पडून आहे, मॅनेजरच्या नावाचा, विषयासकट. रूममेटला ते माहीत आहे. ऐकणाऱ्यांपैकी काहींनाही आता कळलं. मॅनेजर पॉडकास्ट ऐकत नाहीत, असं मी धरून चाललोय.

असो. मॅच शोधायची असेल तर युव्हेंटस, रोमा, २००१ असं टाका. हायलाइट नका बघू, निदान शेवटचा अर्धा तास तरी सलग बघा. पुढच्या एपिसोडला मागणीनुसार यूपीआय डाऊन झाल्यावर आत नेमकं काय होतं ते आहे. भेटू मग.